चोचीला ओठ

नांद्र्याचा थांबा सुटला आणि माझ्या मागच्या सीटवरून आब्बांचा आवाज आला. "हलगी थांबवू नको रंऽ गड्या!" खणखणीत, शेवटच्या शब्दाला जरासा घासलेला, अगदी तोच. मी मागं वळले नाही. वळूच शकले नाही. आब्बा दोन वर्षं झाली बोललेले नाहीत आणि आता बोलणारही नाहीत. दवाखान्यात कॅन्सरच्या गाठीबरोबर त्यांच्या गळ्यातली आवाजाची पेटीच काढून टाकली, हे मला चांगलं माहीत आहे, ऑपरेशनच्या कागदावर सही माझी आहे. तरी पाठ ताठ झाली आणि ओढणी सावरायला हात आपोआप वर गेला. हसू नका, शरीराला कागद वाचता येत नाही. मग त्या आवाजाखाली ढप्प-चिक, ढप्प-चिक असं प्रेस मशीन वाजायला लागलं. ते आमचं गाणं होतं. ते शुक्रवारी यायचं होतं. आज बुधवार होता, आणि मी फ्लेक्सच्या दुकानातून अर्धी रजा टाकून कुंडलच्या एसटीत बसले होते ती एवढ्याचसाठी, की शुक्रवारच्या आधी आब्बांना सांगावं: तुमचा आवाज मी घेतलाय, तुम्हाला न विचारता.

शेवटी वळले. मागच्या सीटवर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी मोबाईल पार नाकाला लावून बसली होती आणि शेजारची बाई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. मोबाईलमध्ये आमचा कार्टूनचा बगळा गळा काढून ओरडत होता. "ह्यो आवाज दस्तगीरचा हाय बग," म्हातारी म्हणाली, "कुंडलच्या मैदानाचा. ह्या आवाजापायी आमच्या मालकानी दोन-दोन दिस घराकडं तोंड दावलं न्हाई." शेजारीण म्हणाली, "आवं मावशी, ह्यो तर बगळा हाय." "बगळा दिसतुय की मला, आंधळी हाय व्हय मी? आवाज दस्तगीरचाच हाय. पर तोंड दुसऱ्याच कुनाचं तरी हाय. बाईमानसाचं तोंड वाटतंय." आणि तिनं सहज मान वर करून माझ्याकडं पाहिलं, तशी मी गपकन पुढं वळले. कान तापले होते. आठ महिने मी त्या चोचीवर राबले. पुण्या-मुंबईच्या कुणी चूक काढली असती तर मी त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या. ह्या बाईला काय सुनावणार? तिचं बरोबर होतं.

हे गाणं माझ्याबरोबर करणाऱ्या ऋषिराजला फोन लावला. तो कुपवाडला कारखान्यात पहिल्या पाळीत, मागं मशीनचा दणदणाट. "ऋष्या, गाणं बाहेर कसं आलं?" "अगं मुबे, तेच सांगायला फोन करणार होतो. शुक्रवारचा मुहूर्त हाय, तवर नुसती झलक टाकू म्हनलं, आज रात्री बाराला. तर मी बाराच टाकलं, पण ते दुपारचं बारा झालं." "काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ." "काढून काय उपेग? पलूस-कुंडलच्या सगळ्या ग्रुपवर फिरतंय. लोकं लय खूश हायत गं. एकानं लिवलंय, दस्तगीरचाचा परत आले म्हणून." मी म्हटलं, "आले नाहीत रे, गाढवा. घरात बसलेत आणि त्यांना यातलं काही माहीत नाही." त्यावर तो मशीनपासून लांब गेला असावा. दणदणाट कमी झाला. मग म्हणाला, "तू अजून सांगितलं न्हाईस? आठ म्हैने झाले की गं." मी फोन बंद केला. माणसाचं खरं असलं की त्याचा जास्तच राग येतो, निदान मला तरी येतो.

आमच्या बँडचं नाव वढाळ. बँडमध्ये माणूस एकही नाही, सगळी कार्टूनची जनावरं. एक म्हैस आहे, तायडी, ती ताल धरते, आणि तो ताल म्हणजे ऋषिराजनं मोबाईलवर पकडलेलं त्याच्या कारखान्यातलं प्रेस मशीन. एक मुंगूस आहे, ते बेंजो वाजवतं, वाजवणारा खरा ऋषिराजच. एक झिपरी शेळी आहे, ती गाते, आणि तिच्या आत अंकिता आहे, जी सकाळी शाळेत चौथीच्या वर्गाला परिसर अभ्यास शिकवते. ऋषिराजचे वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले, पोरानं बेंजो गळ्यात अडकवला तर घराबाहेर काढतील. अंकिताला शाळेची भीती. मला तर फोटो काढायला कुणी मोबाईल वर केला तरी धडकी भरते. म्हणून ठरलं, चेहरे नकोत, चेहरे मुबश्शिरा काढेल. मी दिवसभर फ्लेक्सच्या दुकानात भावी नगरसेवकांचे गाल गोरे करते, वाढदिवसाच्या शुभेच्छुकांची मुंडकी कापून ओळीत लावते; घरी येऊन म्हशीच्या पापण्या हलवायला मला कंटाळा नव्हता, उलट जीव रमायचा. ह्या तीन जनावरांना आणि मागून आलेल्या बगळ्याला घेऊन आम्ही आठ गाणी केली. जे सापडेल ते त्यात घातलं. मोहरमला गावात करबलचा नाच खेळताना म्हणतात त्या चालीला कंप्युटरचा बास लावला, ऊसतोडीच्या बायकांच्या हाळीवर इंग्रजी गिटार चढवली, अंकितानं एक अंगाई लेथ मशीनच्या घरघरीवर म्हटली आणि ती ऐकून ऋषिराजसारखा दांडगा गडी डोळे पुसत बाहेर गेला. वढाळ गुराला बांध कळत नाही, ते कुणाच्याही पिकात शिरतं. आल्बमचं नावही तेच ठेवलं, 'दुसऱ्याचं रान'. नाव मीच सुचवलं होतं. तेव्हा ते फार हुशार वाटलं होतं, आज एसटीत बसून ते मला टोचत होतं.

कारण बगळा. बगळा आधी नव्हताच. सातवं गाणं कुस्तीचं होतं आणि ऋषिराज म्हणाला, ह्याला निवेदक पायजे, आणि निवेदक म्हटल्यावर आम्हा दोघांच्याही कानात एकच आवाज. आब्बा तीस वर्षं कुस्त्यांच्या मैदानात माईकवर होते. कुंडल, पलूस, पार साताऱ्यापर्यंत. बांगड्यांचं दुकान अम्मी बघायची आणि आब्बा मैदानं. धोतर-फेट्यातली हजारो माणसं एका ह्या बारक्या माणसाच्या जिभेवर उठायची-बसायची. पट काढला, पट काढला, धर, सोडू नगंस, घिस्सा मारतुय बघा, आरं हलगीवाल्या झोपलास का, हलगी थांबवू नको रंऽ गड्या! हे असं बोलणं ऋषिराजच्या तालावर ठेवलं आणि आम्ही एकमेकांकडं बघतच राहिलो. एक मात्राही हलवावी लागली नाही. आवाज कुठला? ऋषिराजनंच कुंडलच्या मैदानात स्पीकरखाली उभं राहून मोबाईलवर घेतलेला, आब्बांच्या शेवटच्या मैदानाचा. साताऱ्याकडचा केरबा आणि पलूसचा कृष्णात, निकाली कुस्ती, बावीस मिनिटं. त्या दिवशीच आब्बांचा घसा बसला होता आणि आम्ही सगळे म्हणालो होतो, धूळ लय होती. अम्मीनं ज्येष्ठमध दिला, हळदीचं दूध दिलं. दोन महिने आम्ही धुळीलाच शिव्या देत बसलो.

विचारायचं मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण माईकवरचा आवाज कुणाला विचारून कोण घेतं? आमच्याकडं तो जत्रेसारखा असतो, ज्याला ऐकू जाईल त्याचा. ही मी स्वतःला सांगितलेली सबब. खरं कारण म्हणजे यासीन. ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात माझा चुलतभाऊ यासीन घरी आला आणि चाचांना बरं वाटावं म्हणून त्यानं कुठल्याशा मैदानाचा जुना व्हिडिओ लावला. आब्बा जेवत होते. आवाज सुरू झाला तसा त्यांचा हात ताटातच थांबला. मग ते उठले, हात धुतले, गळ्याच्या भोकावरचा पांढरा रुमाल नीट केला, चपला घातल्या आणि मळ्याच्या वाटेनं निघून गेले. संध्याकाळी मीच शोधायला गेले, तर पाटाच्या कडेला बसलेले. चला म्हटलं, आले. कुणावर रागावले नाहीत. पण त्यानंतर आमच्या घरात तो आवाज कुणी काढला नाही. अम्मीनं रेडिओसुद्धा कपाटात ठेवून दिला. डॉक्टरांनी एक मशीन दाखवलं होतं, गळ्याला लावलं की बोलता येतं. आब्बांनी ते एकदा ऐकलं, हसले आणि परत दिलं. मग वही आली, शंभर पानी, आणि त्यात बॉलपेननं मोठमोठ्या अक्षरात, जसे ते कुस्त्यांच्या जोड्या लिहायचे तसं: पाणी. लाईट बिल. दुखत नाही. एवढंच. हा माणूस बावीस मिनिटं न थांबता बोलायचा, आणि आता दिवसाला पाच-सहा शब्द. चहा गरम असला तर त्यांना फुंकरही घालता येत नाही, श्वास गळ्यातून जातो. बशीत ओतून ते बघत बसतात. मी सांगलीहून दर पंधरा दिवसांनी येते, दोन दिवस राहते, वही वाचते, जाते. आणि खोलीवर परत गेले की हेडफोन लावून त्याच आब्बांना ऐकत बसते, एकेक शब्द दहा-दहा वेळा. लाज वाटायची. पण मला ते हवे होते हो. एवढे मोठे, एवढे बोलके आब्बा, माझ्या दोन कानांत. विचारलं आणि नको म्हणाले तर तेही गेले.

तर तोंड. कार्टूनचं तोंड हलवायचं म्हणजे आवाज तुकड्या-तुकड्यानं ऐकायचा आणि प्रत्येक तुकड्याला ओठांचा आकार द्यायचा. प, ब, म आलं की ओठ मिटायचे, आ ला जबडा खाली, ऊ ला चंबू. बगळ्याला चोच, चोचीला ओठ नसतात, म्हणून मी ती चोच मऊ केली, वाकेल अशी. पण वाकेल कशी? आब्बा बोलताना कसे दिसतात हे बघायला मी सगळे व्हिडिओ काढले, आणि एकाही व्हिडिओत आब्बांचं तोंड नाही! माईकला रुमाल गुंडाळून ते तोंडाला असा लावायचे की नाकापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकलेलं. वर फक्त डोळे आणि टोपी. आणि घरी? घरी ते आवाज राखून ठेवायचे, हळू आणि थोडं बोलायचे, आणि मी तेव्हा अभ्यासाच्या पुस्तकात नाहीतर मोबाईलमध्ये डोकं घालून 'हं, हं' करत असायची. एकोणतीस वर्षं ज्यांच्या घरात वाढले, त्या बापाचं तोंड बोलताना कसं होतं हे मला आठवेना. मी डोळे मिटून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी आरसा घेतला, आब्बांचा आवाज लावला, त्यावर मीच ओठ हलवले आणि ते काढले. ऋषिराज म्हणाला, काहीतरी चुकतंय गं, पण काय ते कळेना. अंकिता म्हणाली, गोड दिसतोय. मी म्हटलं, मग झालं तर. आणि आता नांद्र्याच्या पुढं एका म्हातारीनं पाच सेकंदात ओळखलं होतं.

भिलवडी स्टेशन गेलं, पलूस आलं, म्हातारी उतरली. उतरताना माझ्या सीटच्या दांडीला धरून थांबली, म्हणाली, "कुंडलची का गं तू?" मी व्हय म्हटलं. "दस्तगीर कसा हाय, ठावं हाय का? दुखणं झालं म्हनत हुते." "बरे आहेत," मी म्हणाले. "त्येला सांग, पलूसची मानसं इचारत्यात." कंडक्टर ओरडला तशी ती गेली. मी तिला सांगितलं नाही मी कोण. का नाही सांगितलं कोण जाणे. पलूसपासून कुंडलपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. आब्बा, माझं चुकलं. नाही, ते फार लवकर. आब्बा, एक गंमत दाखवू? ही काय गंमत म्हणायची! त्यांच्या गेलेल्या आवाजाचा बगळा करून गावभर नाचवला, ही गंमत? उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकली, ड्रायव्हर शिव्या देत होता, आणि मला वाटत होतं अशीच अडकून राहावी.

घराचं दार उघडंच होतं. अम्मी चुलीपुढं नव्हती, दुकानातही नव्हती. ती आतल्या उंबऱ्यावर बसली होती, हातांना पीठ तसंच. मला बघून उठली नाही. "आलीस? तुज्या त्या बगळ्यानं काय केलं ठावं हाय का?" मी पिशवी खाली ठेवली. "यासीननं ह्यांच्या मोबाईलवर धाडलं, तुजंच काम हाय म्हनून. मी आत भाकरी थापत हुते. मला काय म्हाईत? माज्या कानावर ह्यांचा आवाज आला न् मी ओ दिली." ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "दोन वर्सानी ओ दिली बग. 'आले, आले' म्हनत भाईर पळाले, तव्यावरली भाकरी जळाली. आन् ह्ये बसलेत खाटंवर, मोबाईल हातात." "आणि मग? उठून गेले?" "कुठं जात्यात? कवापास्नं त्येच लावून बसल्यात. माज्याकडं बगंनात न् वहीतबी काय लिवंनात. मला भ्याच वाटाय लागलंय. तू बग बाई." मी तिला पोटाशी धरलं. तिच्या पिठाचे हात माझ्या कुर्त्याला लागले. आम्हा मायलेकींना एकमेकींना असं धरायची सवय नाही, त्यामुळं दोघीही अवघडलो आणि तशाच थोडा वेळ उभ्या राहिलो.

आब्बा परसात खाटेवर बसले होते. मोबाईल मांडीवर, पडदा काळा. मी समोर जाऊन उभी राहिले, शाळेत उभं राहतात तशी. सगळी जुळवलेली वाक्यं गेली. "आब्बा, मी विचारायला पाहिजे होतं," म्हटलं, आणि मग बोलतच सुटले. बँड काय, म्हैस काय, आठ महिने काय, यासीनचा व्हिडिओ, पाटाची कड, भीती वाटत होती, तुम्ही नाही म्हणाला असता तर, खोलीवर एकटी असते मी आब्बा, रोज ऐकायची मी तुम्हाला. नको असेल तर काढून टाकते. शुक्रवारी ते गाणं येणारच नाही. सातच गाणी टाकू. ते ऐकत होते. डोळे माझ्यावरच. मग त्यांनी उशाखालची वही ओढली, बॉलपेन झटकला आणि लिहायला लागले. मी उलट्या बाजूनं अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होते. वही माझ्याकडं फिरवली. लिहिलं होतं: कृष्णातचं नाव राहिलंय.

मला काही कळेना. "कुठलं नाव?" त्यांनी मोबाईल उचलला, झलक लावली, शेवटावर बोट ठेवलं. चितपट! चितपट! साताऱ्याचा केरबा, केरबा, केरबा, आणि मग आवाज फाटतो आणि तायडी म्हैस धडाधड वाजायला लागते. तिथं आब्बांनी बंद केलं आणि दोन्ही हात पसरले. हे काय झालं? आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आब्बांच्या मैदानात पडणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय जिंकणाऱ्याला फेटा बांधत नसत. हे त्यांनीच पाडलेलं वळण. बापाचं नाव, गावाचं नाव, आणि टाळ्या. मैदानाची कमिटी घाई करायची, पाहुणे खोळंबले म्हणायची, तरी आब्बा ऐकायचे नाहीत. पडला तरी तो बी घरनं जेवून आलेला हाय, त्याचं नाव घ्या, असं म्हणायचे. मला वाटलं, आम्हीच ते कापलं असं त्यांना वाटतंय. "नाही आब्बा," मी म्हणाले, "आम्ही कापलेलं नाही. त्या दिवशी ते तुम्ही बोललाच नाही. आवाज गेला ना तुमचा. पुढं रेकॉर्डिंगमध्ये नुसता गोंधळ आहे." त्यांनी मान हलवली, माहीत आहे अशी. मग लिहिलं, बराच वेळ: माझ्या हयातीत नाव राहिलेली ती एकच कुस्ती. पोरगं माती झटकत माझ्याकडं बघत गेलं. मी माईक हालवून बघितला. मला वाटलं माईकच बंद पडला.

मी त्यांच्याशेजारी खाटेवर बसले. दोन वर्षं आम्ही समजत होतो त्यांना आवाजाचं दुःख आहे, मैदानाचं दुःख आहे, गळ्याच्या भोकाची लाज आहे. असेलही ते सगळं. पण ते पाटाच्या कडेला बसून पलूसच्या त्या पोराला आठवत होते, आणि हे त्यांनी कुणाला लिहून सांगितलं नाही, आणि आम्ही कुणी विचारलं नाही. "आता कुठून आणू ते नाव, आब्बा?" मी म्हणाले. "तुमच्या आवाजात ते कुठंच नाही." आब्बांनी एक बोट माझ्या गळ्याला लावलं. हलकंच. "माझ्या? काहीतरीच काय! माझा बाईचा आवाज." त्यांनी वही घेतली आणि लिहिताना त्यांचे खांदे हलत होते, हसताना हलतात तसे: तोंड बाईचं चाललं की. मी वहीनंच त्यांच्या गुडघ्यावर एक फटका मारला. म्हणजे त्यांनीही ओळखलं होतं. पहिल्याच खेपेला ओळखलं असणार.

मग मीच म्हटलं, करायचं तर नीट करू. आवाज माझा, पण तोंड तुमचं हवं. परसात कोरफडीची एक फुटकी कुंडी आहे, तिच्यावर मोबाईल टेकवला, कॅमेरा चालू केला. आब्बांनी टोपी नीट केली. सवयीनं उजवी मूठ तोंडाशी गेली, माईक धरल्यासारखी. मी ती मूठ धरून खाली घेतली. "झाकू नका." त्यांनी कॅमेऱ्याकडं पाहिलं, जरा लाजले, आणि ओठ हलवले, आवाजाविना: कृष्णात आकाराम, मुक्काम पलूस. त्यांच्याबरोबर मी म्हटलं. माझ्या आवाजात ते हजेरी घेतल्यासारखं निघालं. त्यांनी मान हलवली. पुन्हा. पुन्हा नाही जमलं. तिसऱ्या वेळेला त्यांनी माझ्या पोटावर दोन बोटं टेकली, इथनं. चौथ्या वेळेला हवेत हात उंच नेला, गावाचं नाव लांबवायला. मी ओरडले तर स्वतःलाच हसू आलं, आणि त्यांनी डोळे वटारले, मैदानात हसतात व्हय! पाचव्यांदा मी डोळे मिटून, पोटातून, जेवढं होतं तेवढं सगळं काढून ओरडले. कृष्णाऽत आकाराऽम! मुक्काऽम पलूऽस! घसा खरवडून निघाला. पलीकडच्या वाड्यात कुणीतरी खिडकी उघडली. दारात अम्मी उभी होती, तिनं पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या, आणि आब्बांनी दोन्ही हात वर करून आणखी मागितल्या, अजून, अजून, तशी ती हसत आणि नाक पुसत वाजवतच राहिली.

ऋषिराजला लगेच धाडायचं म्हणून मी खाटेवरच व्हिडिओ लावला, आवाज बंद करून, हळू करून, ओठ तपासायला. आणि मला आब्बांचं तोंड दिसलं. वरचा ओठ डावीकडं जरा आधी उचलतो. म ला ते ओठ मिटत नाहीत, दाबतात. किती साधं होतं! मी वाकून बघत होते. पाचवी खेप संपली, त्यात मी ओरडून धापा टाकतेय, अम्मीकडं बघून हसतेय, आणि कडेला आब्बा माझ्याकडं बघतायत आणि त्यांचे ओठ अजून हलतायत. नाव संपलं होतं तरी हलत होते. मी मागं नेलं. पुन्हा बघितलं. आधीच्या खेपेला, मी पाणी प्यायला वळले तेव्हाही तेच. आधी ओठ फाकले, मग खालचा ओठ दाताला लागला, पुन्हा फाकले, दात जुळले, शेवटी तोंड उघडलं. आठ महिने मी दुसरं काही केलेलं नाही. मला ते वाचता आलं. आणि मग मला आठवलं की दर पंधरा दिवसांनी मी दारातून आत येते तेव्हा आब्बा माझ्याकडं बघतात, आणि मी आधी त्यांच्या गळ्याच्या रुमालाकडं बघते, डाग आहे का म्हणून, आणि मग वहीकडं. आम्ही सगळेच वहीकडं बघतो. दोन वर्षं हा माणूस बोलत होता.

मी मान वर केली. आब्बा समोरच होते, टोपी काढून मांडीवर ठेवलेली, वही बाजूला, वही त्यांनी उचललीही नाही. पुन्हा तेच म्हणाले. ह्या वेळी मी ओठांकडं बघत होते.

जेवलीस का?

"न्हाई, आब्बा," मी म्हणाले. "लय भूक लागलीय."